दादासाहेब फाळके : कुंडीतला वाटाणा, आगकाड्या आणि घरचा सिनेमा



मागच्या महिन्यातल्या एका दप्तरमुक्त शनिवारी मी आमच्या चौथीच्या वर्गाला एक सोपे काम दिले. अलीकडे पाहिलेला एखादा कार्टूनचा किंवा घरच्यांसोबत पाहिलेला सिनेमा निवडायचा आणि तो कसा वाटला ते पाच ओळींत लिहायचे. कुणी 'महावतार नरसिंह' निवडला, कुणी 'छोटा भीम', कुणी 'एलिझाबेथ एकादशी'. वह्या गोळा करून वाचल्या, तर बहुतेक वह्यांत एकच शब्द फिरून फिरून आला होता, तो म्हणजे भारी! ज्यांना आवडला नाही त्यांनी बोअर लिहिले होते. भारी का आणि बोअर का, यावर सगळे गप्प.

एका मुलीच्या वहीत मात्र पाच ओळींऐवजी एकच प्रश्न होता. आपण कागदावर चित्र काढले की ते जागच्या जागी बसते, मग सिनेमातले चित्र पळते कसे, असे तिने विचारले होते.

खरं सांगू का, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला एक चरित्र पुन्हा उघडावे लागले. डी.एड.च्या वेळी मी त्यांचे नाव, जन्मगाव आणि पहिल्या चित्रपटाचे साल एवढेच पाठ केले होते. पण त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरून त्याचा सिनेमा बनवला, काडेपेटीतल्या काड्यांना पडद्यावर नाचवले आणि या कामात आपले सगळे घर जुंपले, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते. म्हणून आजचा हा पाठ त्यांच्यावर, म्हणजे दादासाहेब फाळके यांच्यावर.

जन्म आणि बालपण

दादासाहेबांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके हे संस्कृतचे विद्वान होते. लोक त्यांना दाजीशास्त्री म्हणत. आईचे नाव द्वारकाबाई. घरात पूजापाठ, पुराणे, रामायण-महाभारतातल्या कथा हे रोजचेच. पुढे दादासाहेबांनी पडद्यावर ज्या गोष्टी आणल्या, त्या त्यांनी लहानपणी घरातच ऐकल्या होत्या.

वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराजचा ओढा चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये त्याने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. नंतर तो थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात शिकला. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जे जे दिसेल ते त्याला शिकून घ्यायचे असे.

हातात कला, पण पायाखाली जमीन नाही

मित्रांनो, आता जो काळ येतो तो फार धावपळीचा आहे. फाळके यांनी गोध्रा येथे फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगची साथ आली आणि तिने त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघांनाही नेले. ते गोध्रा सोडून निघाले. काही काळ त्यांनी जादूचे प्रयोग शिकून ते लोकांपुढे केले. त्यासाठी त्यांनी नाव घेतले होते प्रोफेसर केळफा. फाळके हे आडनाव उलटे वाचून पाहा, म्हणजे गंमत कळेल!

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव नीट लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

पुढे फाळके यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात ती सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय सुरू केला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. मग छापखाना दादरला आणला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. धंद्यात नाव झाले, पण भागीदारांशी पटेना. चालता छापखाना सोडून ते बाहेर पडले. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते, घरात लहान मुले होती आणि हातात काम नव्हते.

पडद्यावरचे प्राणी

१९११ सालच्या ईस्टरच्या सुमाराची गोष्ट. फाळके आपला मोठा मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या एका चित्रपटगृहात गेले. त्या दिवशी पडद्यावर प्राण्यांचा चित्रपट होता. भालचंद्र घरी आला आणि पडद्यावर चालणारे जनावर पाहिल्याचे आईला सांगू लागला. घरात कुणाचाच विश्वास बसेना. तुम्हीच सांगा, घरात वीज नाही, टीव्ही नाही, मोबाईल तर नाहीच. भिंतीवर जनावर चालले असे एखादे पोर सांगू लागले, तर कोण खरे मानेल?

म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांनाच घेऊन गेले. त्या दिवशी ईस्टरनिमित्त येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो पाहताना फाळके यांच्या मनात रामाच्या आणि कृष्णाच्या गोष्टी फिरू लागल्या. आपल्या घरांत सांगितल्या जाणाऱ्या कथा आपल्या माणसांनी अशा पडद्यावर आणायच्या, हे त्यांनी तिथेच पक्के केले.

पालकहो, इथे एक गोष्ट पाहा. भारतीय सिनेमाची सुरुवात एका मुलाने बापाचा हात धरून पाहिलेल्या प्राण्यांच्या चित्रपटापासून आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या घराने मिळून पाहिलेल्या खेळापासून झाली.

डोळे, विम्याची पॉलिसी आणि लंडन

त्यानंतर फाळके यांना सिनेमाशिवाय काही सुचेना. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे, उरलेल्या वेळात यंत्राशी खटपट करायची, झोप जेमतेम. या ताणाने त्यांची दृष्टी गेली. काही दिवस त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी नजर परत आली. नजर आली तसे ते पुन्हा कामाला लागले!

या कामाला पैसा कोण देणार? नातेवाईक आणि मित्र यांना वाटे, या माणसाचे डोके फिरले आहे. शेवटी त्यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तिथे ते 'बायोस्कोप' या सिनेमाविषयक साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ त्यांनी पाहिला, काम समजून घेतले, विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडायचे यंत्र आणि छपाईचे यंत्र यांची खरेदी केली. एप्रिलमध्ये ते मुंबईला परत आले.

कुंडीतला वाटाणा

यंत्रे आली, पण चित्रपट काढायला भांडवल हवे होते. भांडवल देणाऱ्याला आधी काहीतरी दाखवायला हवे होते. फाळके यांच्याकडे नट नव्हते, कपडे नव्हते, मंडप नव्हता. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज थोडी थोडी चित्रे घेतली. माती फुटते, कोंब वर येतो, पाने उघडतात, वेल वर चढते. महिन्याभराचे हे सगळे पडद्यावर मिनिटभरात घडताना दिसले. या छोट्या चित्रपटाला 'अंकुराची वाढ' म्हणतात.

आमच्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे, बरं का. चित्र पळत नसतेच. प्रत्येक चित्र स्थिर असते. त्याच्या पुढचे चित्र किंचित वेगळे असते. ती भराभर डोळ्यांसमोरून गेली की आपल्याला हालचाल दिसते. वाटाण्याचे रोप असो, छोटा भीम असो की नरसिंह असो, सगळ्यांचे मूळ हेच.

आम्ही वर्गात हा प्रयोग केला. दहीहंडीएवढ्या मडक्यात वाटाणा पेरला. माझा मोबाईल एका जुन्या कंपासपेटीला टेकवून खडूने जागा आखून ठेवली. शाळा भरताना एक, मधल्या सुट्टीत एक आणि शाळा सुटताना एक, असे दिवसाला तीन फोटो. शाळेचे २२ दिवस झाले, ६६ फोटो जमले. सेकंदाला दहा फोटो या वेगाने ते चालवले, तर आमचा सिनेमा किती वेळ चालला असेल? साडेसहा सेकंद! मुले आधी ओरडली, मग हिरमुसली. २२ दिवसांची मेहनत आणि डोळ्याची दोन-तीन उघडझाप झाली की संपली.

पण खरी गंमत पुढे आहे. मुलांनी तो सिनेमा वीसेक वेळा पाहिला तेव्हा एकाच्या लक्षात आले की रोप मधेच उडी मारते. नीट पाहिले तर उडी दर रविवारची होती. रविवारी शाळा बंद, फोटो नाही, आणि रोप काही सुट्टी घेत नाही. फाळके यांची कुंडी घरात होती. त्यांच्याकडे रविवारसुद्धा कामाचाच असणार, हे मुलांना न सांगता कळले.

हरिश्चंद्राची फॅक्टरी

रोपाचा चित्रपट पाहून भांडवलाची सोय होऊ लागली. जिथे पैसे कमी पडले तिथे सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. १९१२ मध्ये दादरला 'राजा हरिश्चंद्र'चे काम सुरू झाले.

त्या काळी सिनेमात काम करणे हलके समजत. म्हणून कामाला येणाऱ्यांनी आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असे लोकांना सांगावे, असा तोडगा निघाला. याच नावाचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी चित्रपट परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये काढला. मुलांसोबत जरूर पाहा.

हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केली. तारामतीसाठी मात्र एकही स्त्री तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला तारामती करण्यात आले. स्त्रियांच्या भूमिका करणाऱ्या पुरुषांनी मिशा काढायला नकार दिला, कारण मिशी वडील वारले तरच उतरवायची अशी रीत होती. त्यांची समजूत घालता घालता फाळके यांची पुरेवाट झाली. बाहेरच्या चित्रीकरणासाठी मंडळी वांगणीला गेली, तेव्हा तलवारी आणि भाले पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरच आले असे वाटले, असेही सांगतात.

आता सरस्वतीबाईंकडे पाहू या. एवढ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करत. कपडे धूत. चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे त्यावरून उजेड नटांच्या तोंडावर पडेल. त्या वेळी विजेचे मोठे दिवे नव्हते, सूर्य हाच दिवा. रात्री घर झोपले की अंधारात कच्च्या फिल्मच्या कडेला यंत्राने छिद्रे पाडायची, फिल्म धुवायला मदत करायची, तुकडे जोडायचे. भारतात फिल्मच्या जोडणीचे काम करणारी पहिली स्त्री म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते.

राजपुत्र रोहिदासाची भूमिका भालचंद्रने केली. तोच भालचंद्र, ज्याने पडद्यावरचे प्राणी पाहिल्याचे आईला सांगितले होते. चित्रीकरणाच्या काळात तो दगडावर पडला, डोक्याला लागले आणि शुद्ध हरपली. मंडळी म्हणू लागली की मुलाला घेऊन परत जावे. पण चित्रपटात रोहिदास मृत्यू पावल्याचा प्रसंग घ्यायचाच होता. प्रथमोपचार करून फाळके यांनी तो प्रसंग तशाच अवस्थेत पूर्ण केला, असे सांगितले जाते.

हे वाचून दाखवले तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. मग भांडण सुरू झाले! निम्म्या मुलांचे म्हणणे, बाबांनी आधी दवाखान्यात न्यायला हवे होते. काहींचे म्हणणे, सगळ्यांचे पैसे आणि मेहनत वाया गेली असती. एका मुलाने विचारले की तेव्हा त्याची आई कुठे होती. मला उत्तर देता आले नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रात असे प्रसंग येतात तेव्हा आपण पटकन त्याग हा शब्द वापरून पुढे जातो. पण या त्यागात घरातल्या लहानग्याला कुणी विचारले नव्हते, हेही मुलांना कळू द्यावे असे मला वाटते. आदर राखूनही प्रश्न विचारता येतो.

२१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. चित्रपट मूक होता. सुमारे ३७०० फूट लांबीची फिल्म, चार रिळे. लोकांनी गर्दी केली. हातातून दागिने, पॉलिसी, झोप आणि काही काळ दृष्टीही गेली होती, पण घराने मिळून केलेला चित्रपट उभा राहिला होता.

आगकाड्यांची मौज

त्याच वर्षी फाळके कुटुंब नाशिकला आले. तिथे 'मोहिनी भस्मासुर' तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघींनी काम केले आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याची वाट उघडली. मग 'सत्यवान सावित्री' आला. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून काम करण्याचे निमंत्रण मिळाले, ते त्यांनी नाकारले. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. इकडे भांडवल आटले, कर्ज वाढले, कच्ची फिल्म महाग झाली.

अशा अडचणीच्या काळात, १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. कच्ची फिल्म मोजून वापरायची, नटांचा खर्च परवडत नाही, मग नट म्हणून काड्याच घेतल्या! काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचे. काडी केसभर सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत. म्हणजे मिनिटभराच्या नाचासाठी ९६० वेळा काड्या सरकवायच्या. हात थरथरला, वारा आला, कुणी मेज हलवले की गेली मेहनत. जादूचे प्रयोग करणाऱ्या प्रोफेसर केळफांच्या बोटांना ही सवय असणार.

आपण ज्याला ॲनिमेशन म्हणतो, त्याची भारतातली सुरुवात या काड्यांपासून मानतात. अमेरिकेत मिकी माऊस जन्मायला अजून १३ वर्षे होती. दुर्दैवाने हा चित्रपट आज उपलब्ध नाही. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही फाळके यांनी केला. आपली विद्या लपवून न ठेवता लोकांना दाखवायची, हा शिक्षकाचा गुण त्यांच्यात होता, असे मला त्यामुळे वाटते.

मंदाकिनीचा कृष्ण

१९१७ मध्ये 'लंका दहन' आला. त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. हनुमान उडतो, लंका पेटते, हे पाहायला लोक लांबून बैलगाड्या करून येत. या यशानंतर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी भागीदारी केली आणि १ जानेवारी १९१८ पासून नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' हे चित्रपट आले.

'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण कोण होता माहीत आहे का? दादासाहेबांची सहा-सात वर्षांची मुलगी मंदाकिनी! या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने टिकला आहे. सुरुवातीलाच मंदाकिनी कॅमेऱ्याकडे पाहून हसते, रडते, रागावते, रुसते असे चेहरे दाखवले आहेत. शंभर वर्षांपूर्वीची मुलगी, पण रुसवा अगदी आपल्या वर्गातला. मी तो भाग मुलांना दाखवला. आवाज नाही, रंग नाही, तरी मुले एकटक पाहत राहिली. कृष्ण डोहात उतरून नागाशी झुंजतो तिथे तर मागच्या बाकावरचेही उभे राहिले.

उतरती वर्षे

मित्रांनो, इथून पुढची गोष्ट सुखाची नाही. भागीदारांशी मतभेद झाले. दादासाहेब कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते कंपनीत परत आले, पण पूर्वीचे दिवस आले नाहीत. १९३१ मध्ये भारतात बोलपट सुरू झाला. दादासाहेबांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' केला. हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट' हा लांबीचा कार्टूनपट पडद्यावर आला. एकीकडे दार बंद होत होते, दुसरीकडे उघडत होते.

त्यानंतर दादासाहेब नाशिकला राहिले. सुमारे ९५ चित्रपट आणि २७ लघुपट करणाऱ्या माणसाची अखेरची वर्षे ओढगस्तीची गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. सत्तरी पार केलेल्या दादासाहेबांनी त्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने भारत सरकारचा चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो.

आजचे सिनेमे पाहताना

आता पुन्हा आपल्या वह्यांकडे येऊ. दादासाहेबांचे चरित्र झाल्यावर मी मुलांना तेच काम पुन्हा दिले. फक्त भारी आणि बोअर या दोन शब्दांना सुट्टी दिली.

या वेळी लिहिलेले वाचून मलाच आनंद झाला. 'महावतार नरसिंह' हा अश्विन कुमार यांचा २०२५ चा कार्टूनपट. एकाने लिहिले की आजीने सांगितलेल्या गोष्टीतला खांब मनात लहान होता, पडद्यावर तो आभाळाएवढा झाला. एकीने लिहिले की प्रल्हाद आवडला, पण मारामारी फार लांबली आणि धाकटा भाऊ रडला. दोन्ही मते मला पटली. पुराणातली गोष्ट चित्रांतून सांगायची दादासाहेबांची वाट आजही लोकांना हवी आहे, हे या चित्रपटाने दाखवले. पण अगदी लहान मुलांना तो दाखवताना मोठे माणूस शेजारी असावे, असे माझे मत आहे.

परेश मोकाशी यांचाच २०१४ चा 'एलिझाबेथ एकादशी' हा माझा आवडता. पंढरपुरातला ज्ञानेश वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून यात्रेत बांगड्या विकतो. त्यात राक्षस नाही, उडणे नाही. कर्ज आहे, आईची काळजी आहे आणि मुलांची धडपड आहे. घरातली अडचण मुलांना कळते आणि ती आपल्या परीने हातभार लावतात, हे या चित्रपटात फार खरे वाटते. सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले ते घरही मला त्यात दिसते.

पालकहो, शेवटी एक कबुली. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. संध्याकाळी स्वयंपाकाच्या गडबडीत मीही त्याच्यासमोर मोबाईलवर कार्टून लावून देते. तो एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत. त्याने काय पाहिले ते मला माहीत नसते. सिनेमा कौटुंबिक आहे असे आपण जाहिरातीत वाचतो. पण कुटुंबाने तो एकत्र पाहिलाच नाही, त्यावर चार वाक्ये बोललीच नाहीत, तर तो कौटुंबिक कसा होणार? १९११ साली एका मुलाने घरी येऊन आईला काय पाहिले ते सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सगळे घर पाहायला गेले. तेवढे तरी आपण करू या. निदान आठवड्यातून एकदा.

आणि सिनेमा संपल्यावर नावे वर सरकू लागली की लगेच उठू नका. आमच्या वर्गाने आता ती नावे वाचायचे ठरवले आहे. उन्हात चादर धरून उभे राहणारे कुणीतरी त्या यादीत असतेच.

थोडक्यात जीवनपट

१८७० : त्र्यंबकेश्वर येथे जन्म
१८८५ : सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश
१९०२ : सरस्वतीबाईंशी विवाह
१९१२ : लंडनचा पहिला चित्रपटविषयक दौरा, 'अंकुराची वाढ'
१९१३ : 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित
१९१५ : 'आगकाड्यांची मौज'
१९१७ : 'लंका दहन'
१९१९ : 'कालिया मर्दन'
१९३७ : 'गंगावतरण'
१९४४ : नाशिक येथे निधन

करून पाहा

१. एका कुंडीत वाटाणा किंवा मटकी पेरा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून फोटो घ्या. रविवारी विसरू नका!
२. वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर आगकाडीचे थोडे थोडे सरकलेले चित्र काढा आणि पाने भराभर उलटा. (खरी काडेपेटी मोठ्यांना विचारूनच घ्या आणि काड्या पेटवू नका.)
३. घरच्यांसोबत एक सिनेमा पाहा आणि प्रत्येकाला कोणता प्रसंग आठवतो ते लिहून आणा. भारी आणि बोअर हे शब्द वापरायचे नाहीत.
४. भालचंद्रला लागले तेव्हा तुम्ही तिथे असता तर काय केले असते? आपले मत कारणासह लिहा.